बिश्केकचं पॅक

नोव्हेंबरातल्या एका रविवारी सकाळी पद्मा पारसनीस ग्वाल्हेरच्या जयेंद्रगंजातल्या मोबाइल कंपनीच्या दुकानात गेली, ती परदेशात चालणारं नेटचं पॅक घ्यायला. वय चोपन्न, हजीऱ्याकडच्या एका शाळेत विज्ञानाची शिक्षिका, आणि देशाबाहेर जायची ही पहिलीच वेळ. तिची एकुलती एक मुलगी लीला किर्गिझस्तानात, बिश्केक शहरात, डॉक्टरकी शिकत होती. दुसरं वर्ष चालू होतं. तेरा डिसेंबरला लीला एकवीस वर्षांची होणार होती, आणि पद्मा आणि तिचे यजमान गोपाळकृष्ण बारा तारखेला दिल्लीहून विमानात बसून थेट तिच्या दारात जाऊन उभे राहणार होते. लीलाला यातलं अक्षर ठाऊक नव्हतं. व्हिसा आला होता, तिकिटं झाली होती. बेसनाचे लाडू करायचे राहिले होते, आणि हे पॅक.

दुकानात ही गर्दी होती. त्या वर्षीच्या, २०१८च्या उन्हाळ्यानंतर दोन मोबाइल कंपन्या एक झाल्या होत्या. दुकानावरची पाटी बदलली, रंग बदलला, जुनी पॅकं बंद झाली, आणि कोणाचं काय चालू आहे, काय बंद पडलं, हे विचारायला लष्कर भागातलं निम्मं गाव तिथं लोटलं होतं. अर्ध्या तासानं पद्माचा नंबर लागला. काउंटरवर एक चटपटीत मुलगी होती, लीलापेक्षा फार तर दोन-तीन वर्षांनी मोठी.

"किर्गिझस्तान? एक मिनट, आंटी, लिस्ट में देखती हूँ," ती म्हणाली. "हाँ, है. एक दिन का है, दस दिन का है, अट्ठाईस दिन का है. कितने दिन रुकेंगी?"

"अकरा दिवस," पद्मा म्हणाली, आणि जीभ चावून लगेच हिंदीत सांगितलं, "ग्यारह."

"बस, एक दिन से रह गया!" मुलगी हसली. "दस दिन का लीजिए, आखिरी दिन एक दिन वाला. या वहीं की सिम ले लीजिए, सस्ती पड़ेगी. आपका वहाँ कोई है?"

"मुलगी आहे. बेटी. तिचा इथला नंबर माझ्याच खात्यात आहे. जाताना मीच त्याच्यावर बाहेरचं पॅक टाकून दिलं होतं, बँकेचे मेसेज यायला हवेत म्हणून."

"तो वही देख लेते हैं. बेटी को जो पैक वहाँ ठीक चल रहा है, वही आपको डाल दूँगी." मुलीनं लीलाचा नंबर टाकला आणि पडद्याकडे बघू लागली. मग तिनं खुर्ची पुढं ओढली. "आंटी, यह नंबर तो रोमिंग में है ही नहीं."

"नवीन कंपनीत बंद झालं असेल."

"नहीं. पुराना रिकॉर्ड सब इसी में आ गया है. देखिए." तिनं पडदा पद्माकडे वळवला. "सितंबर से फरवरी तक किर्गिझस्तान का रोमिंग दिख रहा है. सोलह फरवरी को आखिरी. उसके बाद यहीं का नेटवर्क है. रोज़ डेढ़ जीबी, दो जीबी."

"यहीं म्हणजे?"

"यहीं. एमपी में."

पद्मानं चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. पडद्यावर एकाखाली एक तारखा होत्या. मार्च, एप्रिल, मे. रोज. कालचीही तारीख होती.

"सिम दुसऱ्या कोणाकडं असेल," ती म्हणाली. "ती आम्हाला तिथल्या नंबरावरून फोन करते. व्हॉट्सॲपवर. नऊशे शहाण्णवनं सुरू होतो तो."

मुलगी आवाज खाली आणून म्हणाली, "आंटी, व्हॉट्सॲप एक बार उस नंबर पर चालू हो गया, तो फोन कहीं भी रहे, वही नंबर दिखता है." तिला पुढचं बोलायचं नव्हतं, पण पद्मा तिच्याकडे बघत होती, म्हणून ती म्हणाली, "कॉल की डिटेल निकाल दूँ? खाता आपके नाम से है, आपको मिल सकती है."

यंत्रातून दोन कागद बाहेर आले. लीलाच्या नंबरावरून महिन्याभरात फार थोडे फोन झाले होते, आणि त्यातले बहुतेक एकाच नंबरावर. आधी शून्य सातशे एकतीस, मग पुढचा नंबर.

"यह तो इंदौर का लैंडलाइन है," मुलगी म्हणाली. मग विचारलं, "पैक डाल दूँ?"

पद्मा उठली होती. बाहेर पायरीवर ती रेलिंगला धरून थोडा वेळ उभी राहिली. एक टेम्पोवाला "हजीरा, हजीरा" ओरडत तिच्यासमोर थांबला, वाट बघून निघून गेला. तिच्या डोक्यात त्या घटकेला एकच गोष्ट आली, ती जर्दाळूची. जुलैत लीला तीन आठवडे घरी आली होती, तेव्हा तिनं बिश्केकच्या बाजारातले म्हणून सुके जर्दाळू आणि अक्रोड आणले होते. पद्मानं ते चार घरी वाटले होते.

ती दर्पण कॉलनीतल्या घरी पोचली. गोपाळकृष्ण बैठकीत पेपर वाचत होते. ते हिशेब तपासणीच्या सरकारी कचेरीत होते आणि निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. पद्मानं कागद त्यांच्यापुढं ठेवले आणि सगळं सांगितलं. त्यांनी कागद दोनदा वाचले आणि हसले.

"घोळ आहे," ते म्हणाले. "दोन कंपन्या एक झाल्या ना? एकाचं खातं दुसऱ्याला जोडलं गेलं. छप्पन साली मध्य भारत मोडून मध्यप्रदेश झाला, दप्तरं ट्रकात घालून भोपाळला नेली, तेव्हा आमच्या आजोबांची अकरा वर्षांची नोकरी कागदावरून गायब झाली होती. माणूस जिवंत, खुर्चीवर बसलेला, आणि कागद म्हणतो की नव्हताच. कागद एकत्र झाले की असं होतंच."

"पण तारखा बघा ना. सोळा फेब्रुवारी..."

"पद्मा, रोज संध्याकाळी सातला आपण तिचं तोंड बघतो. तुला कागद खरा वाटतो की ती?"

जेवणं झाल्यावर ते आडवे झाले. पद्मा फोन घेऊन मागच्या अंगणात गेली आणि तिनं इंदूरचा तो नंबर लावला. तीन घंटा वाजल्या. मग बाईचा आवाज आला, मराठीच.

"हॅलो, कोण बोलतंय?"

पद्माला वाटलं होतं, कोणी दुकानदार असेल, हिंदीत बोलेल, चुकीचा नंबर म्हणेल. ती एवढंच म्हणू शकली, "लीला आहे का?"

"लीला भाजी आणायला गेलीय. येईल अर्ध्या तासात. आपण कोण?"

अंगणातल्या दोरीवर गोपाळकृष्णांचे शर्ट वाळत होते. पद्मानं दोरी धरली.

"मी तिची आई."

"अगंबाई! लीलाच्या आई!" त्या बाईचा आवाज एकदम उजळला. "अहो, मी किती दिवसांपासून तिला म्हणते, एकदा आईशी माझं बोलणं करून दे. नुसती हो हो करते. कशा आहात? ग्वाल्हेरला थंडी पडली का?"

तुम्ही कोण, हा प्रश्न पद्माच्या तोंडापर्यंत आला होता. पण ती बाई इतक्या आपुलकीनं बोलत होती, जणू दोघी एकमेकींना वर्षभर ओळखत होत्या. तो प्रश्न विचारणं पद्माला जमलं नाही. ती म्हणाली, "मी तिकडं येतेय. मंगळवारी सकाळी. पत्ता सांगता का?"

"याच तुम्ही! रामबागेत, लिहून घ्या." बाईनं पत्ता सांगितला. "नाव सुलोचना दिघे. कोणीही दाखवेल."

"लीलाला सांगू नका, हं," पद्मा म्हणाली. "सरप्राइज आहे."

"नाही सांगत, नाही सांगत," ती बाई आनंदानं म्हणाली.

संध्याकाळी सातला नेहमीप्रमाणे फोन आला. गोपाळकृष्णांनी तो पाण्याच्या जगला टेकवून ठेवला आणि दोघं समोर बसले. लीलानं स्वेटर घातला होता. मागं निळसर भिंत होती, तीच, रोजची. आज पहिल्यांदा पद्मानं त्या भिंतीकडे नीट बघितलं. वर ओल आलेली होती आणि कोपऱ्यात पंख्याचं एक पातं दिसत होतं.

"काय गं, थंडी किती आहे?" गोपाळकृष्णांनी विचारलं.

"खूप, बाबा. उणे चार. हात बाहेर काढवत नाही."

"बर्फ पडतंय?" पद्मानं विचारलं.

"हो ना आई, सकाळपासून चालू आहे. खिडकीतून सगळं पांढरं दिसतंय. मग मी बाजारात बूट घालून गेले, तुझे दिलेले मोजे घातले, फिर भी पाँव सुन्न हो गए."

ती हसली. गोपाळकृष्ण हसले. फोन बंद झाल्यावर ते पद्माकडे वळून म्हणाले, "बघितलंस?"

पद्मानं बघितलं होतं. लेक खोटं बोलते आहे, एवढ्यानं ती हादरली नव्हती. ते खोटं किती सहज येत होतं, पावलं बधिर होण्यापर्यंत किती नीट येत होतं, त्यानं हादरली. तिनं यजमानांना इंदूरच्या फोनबद्दल सांगितलं नाही. शाळेच्या कामानं दोन दिवस इंदूरला जावं लागतंय, असं सांगितलं, आणि तिच्या लक्षात आलं की आपणही किती सहज बोलून गेलो.

मंगळवारी सकाळी आठला ती रामबागेतल्या एका दुमजली घरासमोर रिक्षातून उतरली. दार आधीच उघडं होतं. पन्नाशीची, उंच, केस बरेच पांढरे झालेली एक बाई पुढं आली. तिनं पद्माच्या हातातली पिशवी घेतली, खाली ठेवली, आणि पद्माचे दोन्ही हात आपल्या हातात घेतले.

"मी आज बँकेतून रजा काढली," ती म्हणाली. "तुम्ही येणार म्हणून. लीला सातलाच पॅथॉलॉजी लॅबमध्ये कामाला गेली, एक वाजता येईल. तिला काही पत्ता लागू दिलेला नाही." आणि मग तिचा आवाज बदलला. "लीलाच्या आई, मला हे फोनवर बोलायचं नव्हतं. तुम्ही तुमची मुलगी मला दिलीत. एवढी एकच मुलगी, तिचं शिक्षण सुरू, आणि तुम्ही म्हणालात, राहू दे तिला त्यांच्यापाशी. कोण असं करतं? मी नसतं केलं. खरं सांगते, मी नसतं केलं."

पद्मा तिच्याकडे बघत राहिली. आपण असं काही म्हणालेलो नाही, हे तिला कळत होतं, पण काय म्हणालेलो नाही, हेच कळत नव्हतं. तिची नजर त्या बाईच्या खांद्यावरून आत गेली. समोरच्या भिंतीवर फोटो होता, चंदनाचा हार घातलेला. केस मोकळे सोडलेली, हनुवटीवर तीळ असलेली मुलगी. पद्मानं तो तीळ आधी पाहिला होता. बिश्केकला पोचल्याच्या दिवशी लीलानं विमानतळावरून पाठवलेल्या फोटोत ही मुलगी तिच्या गळ्यात हात टाकून उभी होती. आई, ही रेवा, इंदूरची, आपलीच मराठी, आम्ही दोघी एकाच खोलीत राहणार. पद्माला तेव्हा किती बरं वाटलं होतं. मग मार्चमध्ये लीला म्हणाली होती, रेवानं खोली बदलली.

"बसा, बसा हं," सुलोचनाबाई घाबरून म्हणाल्या, कारण पद्मा भिंतीला टेकली होती. "प्रवासाचा शीण आहे. तुम्हाला तिचा फोटो बघून... मला समजतं. लीलानं तुम्हाला सगळं सांगितलंच असेल."

"हो," पद्मा म्हणाली.

ते 'हो' तिच्या तोंडून का निघालं, हे तिला पुढं कधी सांगता आलं नाही. एवढंच होतं, की समोरची बाई लेक गमावलेली होती, आणि तिच्या हातात जे थोडंफार उरलं होतं, ते पहिल्या पाच मिनिटांत हिसकून घेण्याचं पद्माला धाडस झालं नाही.

सुलोचनाबाईंनी चहा केला, पोहे केले. आणि बोलत राहिल्या. पद्मा ऐकत होती, आणि तुकड्यातुकड्यानं तिला सगळं कळत गेलं. फेब्रुवारीत रेवाला ताप होता म्हणून ती वर्गाला गेली नाही. खोलीत गॅसचा हीटर होता. लीला दोन वाजता परत आली, तेव्हा रेवा अंथरुणातच होती, झोपल्यासारखी. हीटरचा धूर बाहेर गेला नव्हता, खोलीतच कोंडला होता. दूतावास, पोलिस, कागद, सगळीकडे लीला धावली. सहा दिवसांनी शवपेटी दिल्लीला आली, तेव्हा विमानात बरोबर लीला होती.

"माझे यजमान तर रेवा नववीत असतानाच गेले," सुलोचनाबाई म्हणाल्या. "घरात मी एकटी. दहावा झाला, नातेवाईक गेले. लीला म्हणाली, काकू, मी दोन दिवस राहते. मग ते दोन दिवस संपलेच नाहीत. मी चार महिने अंथरुणातून उठत नव्हते. मला आंघोळीला उठवायची, पुढ्यात बसून दोन घास खायला लावायची. जूनअखेर तिनंच मला बँकेत पोचवलं, रोज, पंधरा दिवस, दारापर्यंत. मग तुमच्याकडे आली ना, तेव्हा."

तेव्हाच. म्हणजे जर्दाळू आणि अक्रोड इथल्याच बाजारातले. आणि गोपाळकृष्ण तिला स्टेशनावर घ्यायला गेले, तेव्हा ती दिल्लीच्या गाडीतून उतरली होती. म्हणजे इंदूरहून आधी दिल्लीला गेली असणार, केवळ आईबापांनी तिला दिल्लीच्या गाडीतून उतरताना पाहावं म्हणून. पद्मानं पोह्यांची बशी खाली ठेवली.

लीला एकच्या सुमारास आली. फाटक वाजलं, "काकू, आज भूख लगी है, काय केलंय?" असं म्हणत ती आत आली, आणि आईला बघून दारातच थांबली. तिच्या खांद्यावरची पिशवी घसरून कोपरात आली, ती तिनं तशीच लटकू दिली.

"आई," ती म्हणाली.

"सरप्राइज!" सुलोचनाबाई टाळ्या वाजवून म्हणाल्या. मग त्यांनी एकीकडे बघितलं, दुसरीकडे बघितलं, आणि त्यांचे हात खाली आले.

पद्मा उठली आणि लीलाचा दंड धरून तिला स्वयंपाकघरात घेऊन गेली. दार लोटलं. रागानं तिला बोलता येत नव्हतं, म्हणून ती कुजबुजली.

"उणे चार. बर्फ. पाँव सुन्न."

लीला ओट्याला टेकून खाली बसली, फरशीवर.

"मला सांगायचं होतं, आई."

"केव्हा? नऊ महिने रोज संध्याकाळी सातला आम्ही तुझ्यासमोर बसतो. केव्हा सांगणार होतीस? बाबा तुझ्या दुसऱ्या वर्षाची फी भरतात..."

"ती तशीच आहे. एक रुपयाला हात लावला नाही. मला लॅबचे पैसे मिळतात. आई, मी तिकडं परत जाऊच शकत नव्हते. आणि घरी आले असते तर तुम्ही विचारलं असतं, का आलीस, काय झालं. मग मला सगळं सांगावं लागलं असतं."

"मग सांगायचं! तुझी मैत्रीण गेली, यात तुझा काय दोष? आम्ही तुला खाल्लं असतं का?"

लीलानं मान वर केली. तिचा चेहरा पद्माला अनोळखी वाटला, वयानं वाढलेला.

"खिडकी मी बंद केली होती," ती म्हणाली. "आम्ही ती बोटभर उघडी ठेवायचो, नेहमी. त्या दिवशी तिला हुडहुडी भरली होती. मी निघताना हीटर मोठा केला आणि खिडकी घट्ट लावली. तिनं सांगितलं नव्हतं. मीच लावली. परत आले तर... आई, मी काकूंना हे सांगितलेलं नाही. रोज ठरवते. रोज त्या मला जेवायला वाढतात."

पद्मा खाली बसली, लेकीच्या शेजारी, त्या गार फरशीवर. तेवढ्यात दार उघडलं. सुलोचनाबाई उंबऱ्यात उभ्या होत्या, आणि त्यांनी ऐकलं नाही असं मानायला काही जागाच नव्हती.

"मला माहीत आहे," त्या म्हणाल्या.

लीला त्यांच्याकडे बघत राहिली.

"तिथल्या पोलिसांचा अहवाल आला होता ना, रशियनमधला. आमच्या बँकेतल्या एकाचा भाऊ रशियन शिकवतो. जुलैत, तू घरी गेली होतीस तेव्हा, मी त्याच्याकडून मराठीत करवून घेतला. खिडकी आतून बंद होती, असं लिहिलंय त्यात. धुराड्यात काजळी बसून ते चोंदलं होतं, असंही लिहिलंय. घरमालकानं दोन वर्षं साफ केलेलं नव्हतं. उणे बारा होतं त्या दिवशी, लीला. तापानं फणफणलेल्या पोरीच्या खोलीची खिडकी कोण उघडी ठेवेल? मी असते तर मीच बंद केली असती." त्यांचा आवाज तिथपर्यंत शांत होता. "तू कधी बोलतेस, याची मी वाट बघत होते. बोलली नाहीस तरी चाललं असतं. पण हे काय ऐकतेय मी? उणे चार काय? बर्फ काय?" त्या पद्माकडे वळल्या. "तुम्हाला माहीत नव्हतं?"

पद्मानं मान हलवली.

"काहीच?"

"रविवारपर्यंत मी समजत होते, ती बिश्केकला आहे."

सुलोचनाबाई दोन पावलं पुढं आल्या, वाकल्या, आणि त्यांनी लीलाच्या थोबाडीत मारली. आवाज स्वयंपाकघरभर झाला.

"आईबापांना सांगितलं नाहीस? मला म्हणालीस, आईनंच राहा म्हटलंय. देवासमोर बसून म्हणालीस! मी रोज या बाईचे आभार मानत होते मनात. आणि त्यांना माहीतच नाही त्यांची पोर कुठं आहे? उद्या तुला काही झालं असतं इथं, तर त्यांना काय, बर्फात शोधायला पाठवायचं होतं?"

त्यांचा हात पुन्हा उठला, आणि पद्मानं तो वरच्या वर धरला. तिनं स्वतः लीलावर कधी हात उगारला नव्हता. या परक्या बाईनं तो हक्कानं उगारला होता, आणि पद्मा आता दोघींच्या मध्ये उभी होती, धापा टाकत.

"नका," ती म्हणाली. "माझ्या पोरीला मारू नका."

मग सुलोचनाबाई खाली बसल्या आणि रडायला लागल्या, तोंडावर पदर न घेता, मोठ्यानं. लीला सरकत त्यांच्यापाशी गेली आणि तिनं त्यांच्या मांडीवर डोकं ठेवलं. पद्मा बाजूला उभी राहून ते बघत होती. आपल्या लेकीचं डोकं दुसऱ्या बाईच्या मांडीवर, आणि ती बाई रडता रडता तिचे केस सारखे करते आहे, हे तिला खुपलं, आणि त्याच वेळी तिला हेही दिसलं की ते डोकं तिथून उचलणं आता आपल्याला शक्य नाही.

दोन दिवसांनी तिघीही ग्वाल्हेरला आल्या. मी येते, असं सुलोचनाबाईंनीच म्हटलं होतं. तुला एकटीला बापासमोर उभं करायचं नाही मला, असं त्या लीलाला म्हणाल्या. पद्मानं घरी काही कळवलं नव्हतं. गोपाळकृष्णांनी दार उघडलं, लीलाला पाहिलं, आणि त्यांचा चेहरा असा फुलला की पद्मानं खाली बघितलं.

"अगं! केव्हा आलीस? परीक्षा लवकर झाली की काय? आणि आम्ही तर तुझ्याकडे..." ते थांबले. मागं उभ्या असलेल्या अनोळखी बाईकडे त्यांनी बघितलं, बायकोच्या चेहऱ्याकडे बघितलं. "काय झालं?"

बैठकीत बसून लीलानं सांगितलं. काही लपवलं नाही. खिडकीचं सांगितलं, दिल्लीच्या गाडीचं सांगितलं. गोपाळकृष्ण मधे एकदाच बोलले.

"म्हणजे तो कागद बरोबर होता?" त्यांनी पद्माला विचारलं.

"हो."

त्यांनी मान हलवली आणि बराच वेळ ती हलवतच राहिले. मग उठून आत गेले. जेवायला आले नाहीत. दुसऱ्या दिवशी ते कचेरीत गेले, तिकिटं रद्द केली, पाहुण्या बाईंची नीट विचारपूस केली, त्यांना स्टेशनवर पोचवून आले. लीलाशी मात्र बोलले नाहीत. तिचा एकविसावा वाढदिवस आला आणि गेला. पद्मानं शिरा केला. त्यांनी खाल्ला, आणि वाटी तिच्याकडे न बघता खाली ठेवली. ओरडले असते तर लीलाला सोसवलं असतं. एका डिसेंबरात तिचं वजन चार किलो उतरलं.

पद्माचं आणि त्यांचं यावरून एकदाच भांडण झालं.

"किती दिवस असं?" तिनं विचारलं.

"मला जमत नाहीये," ते म्हणाले. "मी तिला रोज विचारायचो, थंडी किती आहे. आणि ती सांगायची. आकडा सांगायची, पद्मा. मी तो डायरीत लिहून ठेवायचो."

पद्माला हे ठाऊक नव्हतं.

जानेवारीत लीलानं ठरवलं की ती इंदूरलाच नर्सिंगला प्रवेश घेईल आणि सुलोचनाबाईंकडे राहील. पद्मानं होकार दिला. या वेळी तो खरोखर दिला. गोपाळकृष्णांपुढं अर्ज ठेवला, तेव्हा त्यांनी पालकाच्या जागी सही केली, तारीख घातली, आणि अर्ज परत दिला.

फेब्रुवारीत रेवाचं वर्षश्राद्ध होतं. पद्मा आणि लीला जाणार हे ठरलंच होतं. आदल्या दिवशी दुपारी गोपाळकृष्ण कचेरीतून लवकर आले आणि स्वतःची पिशवी भरू लागले. पद्मानं विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही. पांढरा सदरा मात्र मागून घेतला.

रामबागेतल्या घरी फार माणसं नव्हती. विधी आटोपला, गुरुजी जेवून गेले, शेजारपाजारचेही एकेक करत गेले. दुपारी तीन-साडेतीनला बैठकीत चौघंच उरले. गोपाळकृष्ण भिंतीवरच्या फोटोसमोरच्या खुर्चीवर बसले होते. ते बराच वेळ त्या फोटोकडे बघत होते, हिशेबाचा कागद बघावा तसे, वरपासून खालपर्यंत.

"लीला," ते म्हणाले.

अडीच महिन्यांत पहिल्यांदा. लीला भांडी आवरत होती, ती हातातलं पातेलं घेऊनच बैठकीच्या दारात आली.

"ही मुलगी कशी होती गं?"

लीला म्हणाली, "आळशी होती, बाबा. भयंकर. सकाळी उठायचीच नाही. मी तिला पाय धरून ओढायचे."

"शाळेत असतानाही तशीच," सुलोचनाबाई म्हणाल्या. "रिक्षावाला खाली भोंगा वाजवतोय, आणि ही दात घासतेय."

"आणि एकदा," लीला खाली बसत म्हणाली, "एकदा वर्गात सरांनी हिला हाडांची नावं विचारली, तर हिनं सगळ्या हाडांना मराठी नावं देऊन टाकली. मनानंच. सरांना वाटलं, लॅटिन आहे."

गोपाळकृष्णांनी खुर्ची जरा पुढं घेतली. "कुठली नावं?" त्यांनी विचारलं, आणि लीला सांगू लागली.